पिपरटोल्याचा थांबा आणि आपला राहिलेला वाद

बाई,

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, मांडवाच्या कनाती सुटल्या, पाहुणे रेल्वेच्या हॉल्टकडे निघाले आणि त्यांच्या मागोमाग मीही निघालो. आज सकाळी गोंदियाच्या घरी, ज्या टेबलावर तू आल्याबरोबर भाजीची पिशवी ठेवायचीस, तिथेच हे लिहीत बसलो आहे. मृत्युलेख लिहिण्याचा मला सराव आहे. आमच्या शाळेशी संबंधित कोणी गेले की ते काम माझ्याकडे येते. जन्मगाव, शिक्षण, मनमिळाऊ स्वभाव, मागे राहिलेला परिवार, अशा क्रमाने मी ते थोड्या वेळात उरकतो. तुझ्यासाठी तसाच कागद पुढे घेतला आणि पहिल्या ओळीतच तुझा आवाज आडवा आला. "बापू, इतकं गोड कायले लिहून राहिला? भांडून राहिलो ना आपन?"

भांडतच होतो आपण. एका गाडीच्या थांब्यावरून, कित्येक वर्षे. जिला तुमच्या गावी थांबायला जेमतेम एक मिनिट लागते, त्या गाडीवरून दोन सख्खी भावंडे इतका काळ वाद घालत राहिली, हे कोणाला सांगितले तर तो हसेल. तू वाद अर्ध्यात सोडून उठून गेलीस. माझी बाजू माझ्याजवळच राहिली आहे आणि आता तिचे काय करावे हे मला कळत नाही.

तुझे लग्न होऊन तू पिपरटोल्याला गेलीस तेव्हा आई नव्हती, मी गोंदियाला खोली घेऊन शिकत होतो आणि आपल्या दोघांच्या मध्ये छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, होती. तुमच्या हॉल्टवर मुरमाचा फलाट, मोहाच्या झाडाखाली तिकिटाची खिडकी आणि गावकऱ्यांनीच चुन्याने रंगवलेली नावाची पाटी, एवढेच. सकाळच्या गाडीच्या गार्डजवळ तू माझ्या जेवणाचा डबा द्यायचीस. कधी गाडी हलली तरी तू डब्याचे झाकण दाबत तिच्या बरोबरीने चालत राहायचीस आणि गार्ड वाकून हात लांबवायचा. इकडे गोंदियाला छोट्या लाईनच्या वेगळ्या फलाटावर मी उभा असायचो. कोळशाचा वास, नवेगाव बांधच्या मासळीच्या टोपल्या, धानाची पोती, आणि त्या सगळ्यांतून माझ्यापर्यंत येणारी तुझी कढी. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत करायचा असे. मी हमखास विसरायचो. मग गार्ड सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असे ओरडायचा, "बाबू, बहन पूछ रही है, डिब्बा भी खा गये क्या?"

लोक हसायचे. मला लाज वाटायची. त्या लाजेत मी डबा परत करायला शिकलो. मात्र डब्याबरोबर एखादा शब्द परत पाठवावा, भाजी छान झाली होती एवढा निरोप तरी गार्डजवळ द्यावा, हे मला तेव्हा सुचले नाही. आता सुचते आहे.

पुढे मी शिक्षक झालो, संसार थाटला, आणि मोठी लाईन येणार म्हणून छोटी लाईन उखडली गेली. मला मनापासून आनंद झाला होता. गोंदियाहून थेट चांद्याच्या दिशेला मोठ्या गाड्या धावणार, झाडीपट्टी जगाला जोडली जाणार, असे मी वर्गात मुलांना सांगत होतो. तू आलीस आणि विचारलेस, "आता डबा कसा येईल?" माझ्या घरी दोन वेळचा स्वयंपाक होत होता. डब्याची गरज संपून काळ लोटला होता. मी हसलो आणि म्हणालो, "बाई, जग कुठे चालले आहे आणि तू डब्यात अडकली आहेस." तू पदराने कपाळ पुसलेस आणि पिशवीतून वांगी काढायला लागलीस.

शतक संपत आले होते तेव्हा मोठी गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी पिपरटोल्याच्या बायका इंजिनाला कुंकू लावायला ताट घेऊन हॉल्टवर गेल्या होत्या. पुढे तू. गाडी दिसली, जवळ आली, आणि वेग कमी न करता निघून गेली. नव्या वेळापत्रकात तुमचे गावच नव्हते. ही हकीकत तू मला आठवड्याने सांगितलीस, इथेच, या खुर्चीवर बसून. "अशी हवा आली बापू, अशी हवा आली! गाडीले लावाचं कुंकू मलेच लागलं. तुहे भाऊजी म्हनत, चाल, तुह्यासंगच लगन लावतो आता पुन्हा." तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतीस. ते पाणी सगळेच हसण्याचे नव्हते हे मी पाहिले होते. पाहूनही मी चहा गाळत राहिलो.

मग तू अर्ज लिहून मागितलास. तुझ्याबरोबर आणखी दोघी आल्या होत्या. तुमचे म्हणणे सरळ होते. डांबरी सडक गावापासून लांब, एसटी मनाला येईल तेव्हा, काळी-पिवळी जीपवाला शीट भरल्याशिवाय हलत नाही. दवाखाना, बाजार, पोरींचे कॉलेज, सगळे गोंदियाला. जुनी गाडी थांबत होती, तर नवी का नाही? मी खुर्ची ओढून बसलो आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहू लागलो. "महोदय, आपल्या उदार व लोकाभिमुख अंतःकरणास स्मरून..." तू वाचायला लावलेस आणि सुरुवातीला लिहिले ते गोडाचे वाक्य म्हणालीस. बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी उदार अंतःकरण खोडले. तुझ्या सांगण्यावरून साधे लिहिले की आम्ही रोज जाणारी माणसे आहोत आणि आमची गाडी आम्हाला परत द्या. माझ्या आयुष्यातला एवढाच एक अर्ज मंजूर झाला आहे, बाई, आणि त्यातले एकही वाक्य माझे नव्हते.

मंजुरीत दोन शब्द होते, प्रायोगिक तत्त्वावर. त्यांचा अर्थ मी तुला समजावून सांगितला. गाडी काही काळ थांबवून पाहतील, हॉल्टवरून पुरेशी तिकिटे खपली तर थांबा राहील, नाहीतर काढून घेतील.

"म्हनजे नव्या सुनेसारखं," तू म्हणालीस. "चार दिवस पाहून घेतीन, मंग सांगतीन ठेवाची का माहेरी धाडाची."

"तसेच काहीसे."

"मंग हिले नांदवाच लागन."

आणि तुम्ही गाडीला नांदवायचे ठरवले. गावात प्रत्येक घराला बारी, म्हणजे पाळी, लावून दिली. ज्या घराची बारी, त्या घराने त्या दिवशी हॉल्टच्या खिडकीवरून गोंदियाचे तिकीट काढायचे. घरातले कोणी जाणार असेल तर उत्तम, नसेल तरी काढायचे. सुतक असलेल्या घराची बारी शेजारच्या घराने उचलायची आणि तेरवीनंतर ती परत द्यायची. बाळंतपणाला सूट नव्हती, "तो तं आनंद हाय" असे तू पंचांसमोर म्हणाली होतीस म्हणे. खिडकी सांभाळणारा देवाजी हा रेल्वेचा नोकर नव्हता. मोठ्या स्टेशनातून तिकिटे आणायची, हॉल्टवर विकायची आणि त्यावर मिळेल ते कमिशन घ्यायचे, असा त्याचा ठेका होता. कोण खरेच जाणार आणि कोण नुसते बारीचे काढणार, हे त्याला चेहरा पाहून कळायचे. बारीवाल्याला तो तिकीट देताना म्हणायचा, "सुखाचा प्रवास करजा हो," आणि माणूस तिकीट खिशात घालून शेताकडे वळायचा.

मला हे पटले नाही. आजही पटते असे मी खोटे लिहिणार नाही. न केलेल्या प्रवासाचे तिकीट म्हणजे एक लेखी असत्य, असे मी तुला सुनावले होते. शिक्षकाच्या घरात बसून तू हे अभिमानाने सांगतेस याचे मला वाईट वाटते, असेही म्हणालो होतो. तू शेंगा सोलत होतीस.

"तू शाळेत हजेरी घेतोस ना, बापू?"

"घेतो."

"पोरगं वर्गात बसून असते, पन ध्यान धानाच्या बांधीत असते, पानी फुटलं का काय म्हनून. त्याले हजर लावतोस का नाई?"

"लावतो. तो समोर असतो."

"आमचं उलटं हाय. आमी बांधीत असतो, ध्यान गाडीत असते. लाव ना आमचीबी हजेरी."

मी म्हणालो, हा शब्दांचा खेळ झाला. तू म्हणालीस, "खेळ तं खेळ. गाडी तं थांबून राहिली ना?" त्या दिवशी आपण दोघेही जिंकलो असे समजून उठलो. असे पुष्कळदा व्हायचे, आणि म्हणूनच वाद कधी संपत नसे.

गोंदिया स्टेशनाविषयी मी एका स्मरणिकेत लेख लिहिला, तो तुला आठवत असेल. त्यासाठी मी वर्षभर खपलो होतो. स्टेशनाभोवती गाव कसे वाढले, तांदूळ आणि तेंदूपत्ता मालगाडीच्या छोट्या वाघिणींतून उतरवून मोठ्या वाघिणींत कसा चढवत, हमालांच्या किती पिढ्या त्या एका फलाटाच्या अंतरावर जगल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांतले प्रवासी कोणत्या नळावर धावत, पुलाच्या पायऱ्यांनी म्हाताऱ्यांचे गुडघे कसे मोडत आणि मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांतल्या घोषणा कधी सुरू झाल्या, हे सगळे मी गोळा केले होते. तुला पूर्ण वाचून दाखवले. तू मांडी घालून, हातातले काम बाजूला ठेवून ऐकलेस. असे तू फक्त पोथी ऐकताना करायचीस. वाचून झाल्यावर म्हणालीस, "चांगलं लिहिलं. अन् आमचा हॉल्ट कुठं हाय याच्यात?"

मी म्हणालो, "बाई, स्टेशनाला इतिहास असतो. हॉल्टला फक्त वेळ असते, तीही वेळापत्रकाच्या कोपऱ्यात."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. मी ते नंतर दोन ठिकाणी वापरलेसुद्धा.

तू म्हणालीस, "मंदाच्या वेळेस मी अडली होती. दाई हात जोडून बसली. तुह्या भाऊजीनं मले बाजेवर टाकून हॉल्टवर आनलं. गाडीची वेळ होऊन गेली होती, पन ती थांबून होती. कोनीतरी पळत जाऊन सांगतलं होतं का बाई आनून राहिले म्हनून. सारी गाडी थांबून होती, बापू, माह्यासाठी. तुही भाची गोंदियाच्या दवाखान्यात झाली. हा इतिहास नाई का?"

मी तो लेखात घालायला हवा होता. पुढच्या आवृत्तीत पाहू, असे मी म्हणालो. स्मरणिकेला पुढची आवृत्ती नसते, हे मला ठाऊक होते आणि बहुधा तुलाही.

आता त्या पासाबद्दल. हे लिहायचे टाळत इथवर आलो.

तुझी साखर वाढली, मग छातीचे दुखणे निघाले, आणि डॉक्टरांकडे वरचेवर यावे लागू लागले. दर खेपेला तू हॉल्टवरून तिकीट काढून येत होतीस. मला वाटले, बहिणीसाठी एवढे तरी करावे. मी गोंदियाच्या खिडकीवर रांगेत उभा राहून तुझा मासिक पास काढला. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तुला दिला. तू तो दोन्ही हातांनी घेतलास, कपाळाला लावलास. भाऊबीजेला इतकी खूश झालेली मी तुला पाहिली नव्हती. पुढच्या खेपेला मी तुला स्टेशनावर घ्यायला आलो. दारावर तिकीट तपासनीस उभा होता. तू कमरेच्या बटव्यातून तिकीट काढून त्याला दिलेस.

"पास कुठे आहे?" मी विचारले.

"हाय ना. घरी देवापाशी ठेवला."

"मग तिकीट कशाला काढलेस?"

तू पुलाच्या पायरीवर टेकलीस, दम लागला होता. "पास गोंदियाच्या खिडकीचा हाय, बापू. तो दाखवून मी आली तं माह्या हॉल्टच्या नावावर काय चढन? देवाजी मले पाहून तोंड पाडून बसन. नेहमी येनारी बाईच तिकीट नाई काढत, मंग बाकीचे कायले काढतीन?"

किती साधी गोष्ट होती. तुझ्या सोयीसाठी मी जे आणले होते त्याने तुझ्याच हॉल्टचे एक तिकीट दर खेपेला कमी होणार होते. हे मला आधी कळायला हवे होते. कळले नाही हे एक वेळ समजू शकते. पण तू सांगितल्यावरही मला तुझे म्हणणे ऐकू आले नाही. माझी भेट देवाजवळ पडून आहे एवढेच ऐकू आले. आणि मी, जो कधी आवाज चढवत नाही, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणालो, "बाई, एक खरे सांग. तू माझ्याकडे येतेस, की गाडीत बसायचे असते म्हणून येतेस?"

मोठ्याने बोललो असतो तर तू मोठ्याने उत्तर दिले असतेस आणि भांडण तिथेच धुऊन निघाले असते. हळू आवाजात बोललेल्या शब्दांना उत्तर देता येत नाही. तू उठलीस, कठडा धरून पूल चढलीस. माझा हात धरला नाहीस. दवाखान्यातून परस्पर परत गेलीस. त्यानंतर तू कित्येक खेपा आलीस, माझ्याकडे जेवलीस, माझ्या मुलांचे लाड केलेस, पण गाडीचा विषय तू माझ्यापुढे काढला नाहीस. ते मौन मी माझा विजय समजलो होतो. त्या मौनाला कंटाळून मीच कधीतरी विचारावे, काय ग, गाडी नांदते का तुमची, अशी तू वाट पाहत असशील, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो तुझ्या चितेपाशी.

शेवटची भेट. तू फोनवर म्हणालीस, "येऊन जाजो एक डाव. अन् गाडीनं येजो." मी हो म्हणालो. त्या दिवशी शाळेतून निघायला उशीर झाला. मोटार दारात होती, सडक आता चांगली झालेली. मी मोटारीने आलो. तुझ्या अंगणात उतरलो तेव्हा भाऊजी घरात नव्हते. तू ओसरीवर बाजेला टेकून बसली होतीस, पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. मला पाहून हसलीस.

"तुहे भाऊजी हॉल्टवर गेले तुले आनाले."

गाडी नुकतीच येऊन गेली होती. थोड्या वेळाने भाऊजी आले, हातात छत्री, चेहऱ्यावर धूळ. मला ओसरीवर चहा पिताना पाहून ते दारातच थबकले.

"अरे! तू तं इथं बसून हाय," ते म्हणाले. "अन् मी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत पाहून राहिलो. एकबी मानूस नाई उतरला. गार्ड म्हने, बाबा, बसना है क्या? मी म्हनलो, नाई बाबा, साळा उतराचा होता."

तू हसलीस, मी हसलो, भाऊजी छत्री झटकत हसले. मग तू अगदी हळू म्हणालीस, "एक मानूस उतरला असता, तं बरं दिसलं असतं." बस, एवढेच. त्यात तक्रार नव्हती. निघताना मी तुझ्या पाया पडलो. मला म्हणायचे होते, पुढच्या वेळी गाडीने येतो. हे वाक्य अगदी ओठांवर होते. पण ते म्हणणे म्हणजे वादात एक पाऊल मागे घेणे, असे मला वाटले. मनात म्हटले, पुढच्या वेळी येऊनच दाखवू, सांगायचे कशाला. मोटारीच्या काचेतून तू हात हलवताना दिसलीस.

तू गेल्याचे कळले तेव्हाही मी मोटारीनेच आलो. त्या दिवशी त्याला इलाज नव्हता.

काल मात्र गाडीने आलो, बाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. फलाट आता पक्का आहे, मोहाचे झाड आहे, पाटी पिवळी आणि नीट रंगवलेली आहे. मी एकटाच उतरलो. घ्यायला कोणी नव्हते, तेरवीच्या गडबडीत कोण येणार? धान कापलेल्या मोकळ्या बांध्यांमधून पायवाटेने घराकडे चालताना मागे गाडी सुटल्याचा आवाज आला. ती माझ्या एकट्यासाठी थांबली होती. अंगणात लोक बसले होते आणि तुझ्याविषयी कमी, थांब्याविषयी जास्त बोलत होते. थांबा ठेवायचा की नाही याचा पुन्हा विचार होणार असल्याचे कानावर आले आहे. गावात आता मोटारसायकली झाल्या, पोरे थेट सडकेने जातात, बारी चुकवणारी घरे वाढली. "बाई होती तं दारात उभी राहून बारी आठवून देत होती," एक म्हातारी म्हणाली. "आता कोन बोलनार?" भाऊजी मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते.

संध्याकाळी पाहुण्यांबरोबर मी हॉल्टवर आलो. सगळ्यांची तिकिटे झाल्यावर शेवटी खिडकीशी गेलो. देवाजी म्हातारा झाला आहे. त्याने मला चष्म्यावरून पाहिले.

"मास्तर, आज बाईच्या घरची बारी परत आली. सुतकात शेजाऱ्यानं उचलली होती." मग घाईने म्हणाला, "तुमाले म्हनून नाई सांगत. असंच सांगतलं."

मी एक गोंदिया मागणार होतो. माझ्या तोंडून निघाले, "जाण्या-येण्याचे द्या."

"म्हनजे गोंदियाहून परत इकडे?"

"हो."

"उद्यापर्यंत चालते. मंग बाद होते," तो म्हणाला. तिकीट हातात धरूनच ठेवले, सोडेना. "बाई म्हने, माहा भाऊ लई कडक हाय तिकिटाच्या बाबतीत. म्या एक डाव म्हनलं होतं तिले, तुह्या मास्तर भावाले सांग ना, गोंदियाहून येता-जाता दोन-चार बारीचे काढत जाय म्हना. तं म्हने, नाई, तो खोटं तिकीट काढनार नाई. त्यानं काढलं तं तो खरंच येईन."

गाडी आली. मी चढलो. देवाजीने मला सुखाचा प्रवास करजा असे म्हटले नाही. ते तो फक्त न जाणाऱ्यांना म्हणतो.

तर बाई, हा आपला वाद इथे येऊन थांबला आहे. न केलेल्या प्रवासाचे तिकीट खोटे असते हे माझे मत मी बदललेले नाही, आणि ते बदलावे असे तूही शेवटपर्यंत म्हणाली नाहीस. देवाजीजवळ तू माझा हा हट्ट कौतुकाने सांगत होतीस, आणि मी तुझा हट्ट साऱ्या गोंदियाला विनोद म्हणून सांगत होतो. या एका गोष्टीसाठी मला क्षमा मागायची आहे. बाकीच्या गोष्टींसाठी तू क्षमा मागू दिली नसतीस, विषय बदलून जेवायला वाढले असतेस.

तुझ्या घरची बारी आता भाऊजींच्या एकट्याच्या अंगावर आहे. ती मी उचलतो. तिकीट तुझ्या हॉल्टवरून काढीन, जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही, म्हणजे माझा प्रत्येक प्रवास तुझ्या गावाहून सुरू होईल. आणि खोटे तिकीट मला खिशात ठेवता येत नाही, म्हणून दर खेपेला मला खरेच यावे लागेल. थांबा त्याने राहील की नाही, मला माहीत नाही. राहिला नाही तर मी अर्ज लिहीन, आणि या वेळी गोड लिहिणार नाही.

कालच्या तिकिटाचा परतीचा भाग माझ्या खिशात आहे. आज संध्याकाळपर्यंत चालतो. मघाशी भाऊजींना फोन करून सांगितले की गाडीने येतो आहे, जेवायला तिथेच आहे. ते म्हणाले, "पक्कं ना? नाईतर मले पुन्हा सारे डबे पाहा लागतीन."

मी म्हणालो, "उभे राहा, भाऊजी. उतरतो."